मोटोजीपीचा जगज्जेता वेगळा, सुपरबाइकचा वेगळा

आमच्या सोसायटीत बी विंगच्या जिन्याखाली एक हिरवी कावासाकी उभी असते. आठवडाभर कव्हरखाली. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मज्जाव, म्हणून रविवारी पहाटे मालक जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघतो आणि त्या आवाजाने निम्मी बिल्डिंग जागी होते. सुट्टीला आलेल्या भाच्याने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "मामा, ही मोटोजीपीवाली ना? हिच्यावर बसून वर्ल्ड चॅम्पियन झालेत ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो. आणि एकाच गाडीबद्दल ही दोन्ही उत्तरं खरी कशी, हे सांगताना माझा चहा गार झाला.

गाडी होती निन्जा झेडएक्स-१०आर. याच मॉडेलवर जोनाथन रे हा उत्तर आयर्लंडचा रायडर २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं जगज्जेता होता. पण वर्ल्ड सुपरबाइकचा. मोटोजीपी ही मोटरसायकल शर्यतींची दुसरी जागतिक स्पर्धा. तिच्या यादीत, आणि हे नाव येण्याआधी तिथे जो ५०० सीसीचा वर्ग होता त्याच्या यादीतही, कावासाकीवर बसून जगज्जेता झालेला एकही माणूस नाही.

घोळाचं मूळ शब्दात आहे. आपल्याकडे सुपरबाइक म्हणजे मोठी, महाग, घशातून गुरगुरणारी कुठलीही गाडी. मग टीव्हीवर मोटोजीपी लागली की "सुपरबाइकची रेस लागलीय" असं सहज निघून जातं. शर्यतीच्या जगात मात्र सुपरबाइक हे एका वेगळ्या जागतिक स्पर्धेचं नाव आहे. तिचे नियम निराळे, वेळापत्रक निराळं आणि दरवर्षीचा जगज्जेताही निराळा. दोन्हींवर शिक्का एकाच आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचा. शिवाय २०१३पासून दोन्हींचा कारभार एकाच कंपनीच्या हातात, त्यामुळे लोगो, ग्राफिक्स, समालोचनाची धाटणी सगळं भावंडांसारखं दिसतं. गोंधळणाऱ्याचा फार दोष नाही.

फरक एका ओळीचा आहे. मोटोजीपीची गाडी विकत मिळत नाही, सुपरबाइकची मिळायलाच हवी.

मोटोजीपीतली गाडी फक्त शर्यतीसाठी जन्माला येते. तिला आरसा नाही, इंडिकेटर नाही, नंबरप्लेट लावायला जागा नाही. कारखान्याचा संघ सोडला तर बाकीच्या संघांना ती सहसा भाड्याने मिळते आणि हंगाम संपला की परत जाते. १००० सीसीचं इंजिन, किमान वजन १५७ किलो, कार्बनच्या ब्रेक डिस्क. २०२३मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या सरळ पट्ट्यावर ब्रॅड बाइंडरच्या केटीएमचा वेग ताशी ३६६.१ किलोमीटर नोंदला गेला. अशी गाडी रस्त्यावर आणायची हौस डुकाटीने एकदा केली होती. डेस्मोसेडिची आरआर नावाने १५०० नग काढले. पण ती शर्यतीच्या गाडीची रस्त्यासाठी केलेली प्रतिकृती. मूळ गाडी गॅरेजमध्येच.

सुपरबाइकमध्ये उलटी गंगा. आधी गाडी शोरूममध्ये यायची, मग ट्रॅकवर. कंपनीने ठरावीक संख्येने ती बनवून बाजारात आणली, तरच तिला शर्यतीचा दाखला मिळतो, आणि किमतीवरही वरची मर्यादा असते, नाहीतर कुणीही रत्नजडित चार गाड्या बनवून 'या विक्रीला आहेत' म्हणून सांगेल. इंजिनात आणि सस्पेन्शनमध्ये नियमात बसतील ते बदल करता येतात, पण सांगाडा तोच राहतो. किमान वजन १६८ किलो, ब्रेक डिस्क पोलादी. रे त्या गाडीवर जिंकत होता तेव्हाच, २०१८मध्ये, कावासाकीने झेडएक्स-१०आरची जुळणी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात सुरू केली आणि दिल्लीत तिची शोरूम किंमत १२ लाख ८० हजारांवर आली. जिन्याखालची गाडी त्यातलीच. म्हणजे जगज्जेत्याच्या गाडीची सख्खी बहीण आमच्याकडे नळाच्या मीटरशेजारी उभी आहे, आणि भाच्याचं दुसरं "हो" तिथून आलं होतं.

टीव्हीवर ओळखायची माझी युक्ती सोपी आहे. गाडीचं तोंड बघायचं. सुपरबाइकच्या पुढच्या भागावर हेडलाइट दिसतात, पण ते दिवे नसतात, स्टिकर असतात. शर्यतीत दिवा काढलेला असतो, मात्र शोरूममधल्या गाडीशी चेहरा जुळावा म्हणून चित्र चिकटवतात. मोटोजीपीच्या गाडीला कुणाशी चेहरा जुळवायची गरज नाही. तिथे मोठा नंबर आणि आजूबाजूला पंख. दुसरी खूण सुरुवातीच्या क्षणाची. मोटोजीपीत रायडर हँडलपाशी काहीतरी खटपट करतो आणि गाडी म्हैस डबक्यात बसावी तशी खाली बसते. पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून केलेली ही योजना. सुपरबाइक बसत नाही, उभीच निघते.

पंचनामा इथे संपला असता. पण लोकांना खरं विचारायचं असतं ते हे: मोठा कोण?

सरळ सांगतो, मोटोजीपी वरची. गाड्या जास्त वेगवान, पैसा जास्त, आणि जगातले बहुतेक चांगले रायडर आधी तिकडेच जायला धडपडतात. पण म्हणून सुपरबाइक म्हणजे मोटोजीपीची खालची इयत्ता, असं काही जण म्हणतात ते साफ चूक. मोटोजीपीच्या खालच्या इयत्ता तिच्याच शाळेत आहेत: मोटो-२ आणि मोटो-३. तिथले विजेतेही 'जगज्जेते'च म्हणवतात, आणि इथे आणखी एक घोळ सुरू होतो, त्याकडे येतो. मुंबईच्या महिंद्राची गाडी याच मोटो-३मध्ये पळायची. २०१६मध्ये नेदरलँड्सच्या आसेनला तिच्यावर बसून फ्रान्चेस्को बान्याया जिंकला. पुढे २०२२ आणि २०२३मध्ये तोच बान्याया डुकाटीवर मोटोजीपीचा जगज्जेता झाला. ही शिडी एका इमारतीतली. सुपरबाइक शेजारच्या इमारतीत राहते.

दोन्ही इमारतींचं वयही वेगळं. पहिली १९४९ची. तेव्हा सर्वोच्च वर्ग ५०० सीसीचा होता, आणि पहिला जगज्जेता ब्रिटनचा लेस्ली ग्रॅहम, एजेएस गाडीवर. 'मोटोजीपी' हे नाव २००२मध्ये आलं, चार स्ट्रोकच्या मोठ्या इंजिनांसोबत. त्यामुळे जियाकोमो आगोस्तिनीला 'आठ वेळा मोटोजीपी जिंकणारा' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक. त्याचे आठही ५०० सीसीचे. सुपरबाइक १९८८ची. पहिली दोन वर्षं अमेरिकेचा फ्रेड मर्केल, होंडावर.

विजेत्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की देशांची गंमत दिसते. सर्वोच्च वर्गातला शेवटचा ब्रिटिश जगज्जेता बॅरी शीन, १९७७चा. त्यानंतर तिथे ब्रिटनचा दुष्काळच. सुपरबाइकमध्ये मात्र कार्ल फोगार्टीचीच चार विजेतेपदं, मग नील हॉजसन, जेम्स टोझलंड दोनदा, टॉम साइक्स, आणि रे सहा वेळा. स्पेनचं नेमकं उलट. मोटोजीपीत लोरेन्झो, मार्केझ, मीर, मार्तीन अशी रांग. सुपरबाइकमध्ये दोनच नावं, कार्लोस चेका आणि आल्वारो बाउतिस्ता. डुकाटीला मोटोजीपीचं पहिलं विजेतेपद २००७मध्ये केसी स्टोनरने मिळवून दिलं. तोपर्यंत सुपरबाइकमध्ये तिच्या रायडरांनी डझनाच्या आसपास विजेतेपदं नेली होती.

आणि ज्याचं मला खरं आश्चर्य वाटतं ते हे: दोन्ही मुकुट डोक्यावर चढवलेला माणूस आजवर एकही नाही. मॅक्स बियाजी जवळ आला. २५० सीसीत चार वेळा जगज्जेता, पुढे सुपरबाइकमध्ये दोनदा (दुसऱ्यांदा, २०१२मध्ये, साइक्सपेक्षा फक्त अर्ध्या गुणाने पुढे), पण सर्वोच्च वर्गात नाही. कॉलिन एडवर्ड्स सुपरबाइकचा दोन वेळचा विजेता. मोटोजीपीत इतकी वर्षं काढून एकही शर्यत जिंकला नाही. रेला तर संधीच जेमतेम मिळाली. २०१२मध्ये जखमी स्टोनरच्या जागी दोन शर्यती, आठवा आणि सातवा. सुपरबाइकमध्ये मात्र त्याआधीच्या आणि नंतरच्या मिळून त्याने ११९ शर्यती जिंकल्या.

कारण कौशल्यापेक्षा सवयीचं असावं, असं मला वाटतं. टायर वेगळे, ब्रेक वेगळे, गाडीचा सांगाडा वळणात किती लवतो तेही वेगळं. सुपरबाइकवर वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं तिकडे विसरावं लागतं. त्यात सुपरबाइकच्या विजेत्याला मोटोजीपीत बोलावणं आलंच तर बहुतेकदा तिशीच्या आसपास येतं, आणि गाडी मिळते ती नेहमी पहिल्या प्रतीची नसते.

एकदा मात्र ती पहिल्या प्रतीची मिळाली होती. २९ ऑक्टोबर २००६, व्हॅलेन्सिया, मोटोजीपी हंगामाची शेवटची शर्यत. डुकाटीचा सेते जिबरनाउ जखमी. त्याच्या जागी बोलावलं ट्रॉय बेलिसला. हा ३७ वर्षांचा ऑस्ट्रेलियन त्याच महिन्यात सुपरबाइकचा जगज्जेता झालेला. मोटोजीपीत तो आधी तीन हंगाम राहून एकही शर्यत न जिंकता परत गेला होता. या वेळी त्याने आपली सुपरबाइकची माणसं सोबत आणली. नंबर तेवढा बदलावा लागला. त्याचा २१ मोटोजीपीत जॉन हॉपकिन्सकडे होता, म्हणून बेलिसने तो उलटा केला: १२.

सगळ्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. व्हॅलेंटिनो रॉसी निकी हेडनपेक्षा ८ गुणांनी पुढे, आणि सर्वात पुढच्या जागेवरून निघणार. हेडनला आदल्याच शर्यतीत, एस्तोरिलला, त्याच्याच संघातल्या पेद्रोसाने पाडलं होतं. तो हेल्मेटमध्ये ओरडताना साऱ्या जगाने पाहिला. रॉसीची सुरुवात फसली. पाचव्या फेरीत एका साध्या वळणावर पुढचं चाक घसरलं. तो उठला, गाडी उचलली, तेरावा आला. हेडन तिसरा. गुण २५२ आणि २४७. हेडन जगज्जेता.

आणि त्या सगळ्या गदारोळात शर्यत कोण जिंकलं? बेलिस. सुरुवातीलाच पुढे गेला तो शेवटपर्यंत पुढेच. पोडियमवर सर्वात वरच्या पायरीवर सुपरबाइकचा त्या वर्षीचा जगज्जेता, तिसऱ्या पायरीवर मोटोजीपीचा. दुसऱ्या पायरीवर कापिरोसी, डुकाटीचाच. भाच्याला मी तो फोटो दाखवला. दोघे जगज्जेते, एकच वर्ष, एकच पोडियम. "मग जास्त भारी कोण?" त्याने पुन्हा विचारलं. त्या दिवसापुरता बेलिस, मी म्हटलं. वर्षापुरता हेडन.

हेडनने दुसरी बाजूही चाखली. २०१६मध्ये तो होंडाच्या सुपरबाइकवर गेला, मलेशियात सेपांगच्या ओल्या ट्रॅकवर एक शर्यत जिंकला. २०१७च्या मे महिन्यात इटलीत सायकल चालवताना मोटारीच्या धडकेत तो गेला.

आता तो राहिलेला घोळ. बातम्यांत 'नऊ वेळचा जगज्जेता' येतं, दुसरीकडे त्याच माणसाला 'सात वेळचा' म्हणतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं छपाईची चूक झाली. रॉसीची एकूण नऊ: एक १२५ सीसी, एक २५० सीसी, एक ५०० सीसी आणि सहा मोटोजीपी. सर्वोच्च वर्गात धरायची शेवटची सात. मार्क मार्केझने सप्टेंबर २०२५मध्ये जपानच्या मोतेगीला पुन्हा विजेतेपद घेतलं, तेव्हा त्याचीही एकूण नऊ आणि सर्वोच्च वर्गात सात झाली. फक्त त्याची सातही मोटोजीपी नावाची. आगोस्तिनीची एकूण १५, वरच्या वर्गात आठ. आणि स्पेनच्या आनहेल निएतोची १३, सगळी ५० आणि १२५ सीसीतली, वरच्या वर्गात शून्य. तेरा आकडा अशुभ म्हणून तो '१२ अधिक १' म्हणायचा. मोजणीतली आणखी एक बारीक मेख: २०२३पासून मोटोजीपीत शनिवारी छोटी स्प्रिंट असते, पण तिच्यातला विजय ग्रां प्री, म्हणजे रविवारच्या मुख्य शर्यतीच्या, विजयांत धरत नाहीत. सुपरबाइकमध्ये रविवारी सकाळची दहा फेऱ्यांची छोटी शर्यत पूर्ण विजय म्हणून मोजतात. रेचे ११९ आणि मोटोजीपीतले आकडे म्हणूनच समोरासमोर ठेवता येत नाहीत.

भारतात यातली एकच आली. २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, मार्को बेझेक्की जिंकला. सुपरबाइकची फेरी त्याच ट्रॅकवर २०१३च्या वेळापत्रकात होती, ती झालीच नाही.

दोन्ही मुकुट चढवायची संधी आता तुर्कस्तानच्या तोप्राक राझगातलिओलूकडे आहे. ब्रेक मारताना मागचं चाक हवेत उचलून वळणात शिरणारा हा गडी २०२१मध्ये यामाहावर, मग २०२४ आणि २०२५मध्ये बीएमडब्ल्यूवर सुपरबाइकचा जगज्जेता झाला आणि २०२६साठी मोटोजीपीत प्रामॅक संघाच्या यामाहावर गेला. २०२७पासून मोटोजीपीत इंजिन ८५० सीसीचं होणार आणि टायर पिरेलीचे येणार, म्हणजे सुपरबाइकमध्ये त्याच्या हाताला बसलेल्या कंपनीचेच. त्याचा जुना ५४ नंबर मात्र तिकडे फेर्मिन आल्देगेरने आधीच घेतलेला. बेलिससारखी उलटापालट न करता त्याने सरळ ७ घेतला.

भाचा म्हणाला, "४५ घ्यायचा होता की."

खाली तोवर कव्हर घातलेलं होतं.