एक पोलीस म्हणजे पाच माणसं

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक बोळ आहे. तिथे दिव्याचा खांब आहे, दिवा नाही. संध्याकाळी सातनंतर दुचाक्या येऊन थांबतात, कुणी खाली उतरत नाही, दोन हात पुढे-मागे होतात आणि गाडी निघून जाते. सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या सुपलीत बोटभर झिपच्या पिशव्या आणि नशेसाठी जाळलेला चंदेरी कागद येतो. गेल्या सर्वसाधारण सभेत अमली पदार्थांच्या या बाजारावर पाऊण तास तावातावाने चर्चा झाली आणि ठराव एकमताने मंजूर झाला: बोळाच्या तोंडाशी कायमचा एक पोलीस उभा करावा, असं निवेदन ठाण्यात द्यायचं. सही मीही केली. घरी आल्यावर मात्र कॅल्क्युलेटर काढला.

वर्षाचे तास ८,७६०. एका शिपायाची आठ तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी धरली तर कामाचे दिवस ३१३. त्यातून रजा, कोर्टाच्या तारखा, प्रशिक्षण, गणपती, निवडणुका, कुणाचा तरी दौरा असे पंचाहत्तर दिवस वजा करू. हा माझा अंदाज आहे आणि कुठल्याही हवालदाराला विचारलंत तर तो म्हणेल, कमीच धरलेत. उरले २३८ दिवस, म्हणजे १,९०४ तास. भागाकार केला की ४.६ येतात. म्हणजे बोळाच्या तोंडाशी ‘एक’ पोलीस दिसायचा असेल तर हजेरीपटावर जवळजवळ पाच माणसं लागतात. ड्यूटी बारा तासांची केली की हाच आकडा तीनवर येतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं मनुष्यबळाचा तुटवडा असाच भरून काढला गेला, पोलिसांच्या झोपेतून. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली, यावरूनच काय ते समजा.

देशभराचं चित्र असं: १ जानेवारी २०२० रोजी लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९५ होते, प्रत्यक्षात कामावर सुमारे १५६. आणि हे १५६ काही सगळे ठाण्यात नसतात. राखीव दल, मुख्यालय, वाहतूक, संरक्षण हे वजा केल्यावर जे हाती राहतं त्यातून आम्हाला पाच हवे होते. एका बोळासाठी.

समजा, मिळाले. उपयोग होईल का?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जिथे गुन्हे जास्त तिथे सरकार पोलीस जास्त नेमतं. त्यामुळे शहरांचे नुसते आकडे शेजारी-शेजारी मांडले तर पोलीस वाढले की गुन्हे वाढतात, असं दिसू शकतं. छत्र्या जास्त खपतात त्या महिन्यात पाऊस जास्त पडतो, म्हणून पाऊस छत्र्यांनी आणला म्हणायचं, तशातला हा प्रकार. खरं कारण शोधायचं तर पोलिसांची नेमणूक गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने झालेली हवी.

असा एक प्रसंग, दुर्दैवाने, अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये घडला. १८ जुलै १९९४ रोजी तिथल्या ज्यू समाजाच्या एका केंद्रावर बॉम्बहल्ला झाला आणि ८५ माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारने ज्यू आणि मुस्लिम संस्थांच्या दारात चोवीस तास पोलीस उभे केले. ते वाहनचोर पकडायला आले नव्हते. पण राफाएल दी तेया आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की या अर्थतज्ज्ञांनी शहरातल्या गाड्यांच्या चोऱ्या तपासल्या. पोलीस उभा असलेल्या ठोकळ्यात, म्हणजे चार रस्त्यांमधल्या तुकड्यात, चोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या होत्या. एक ठोकळा पलीकडे मात्र जवळपास काहीच फरक नव्हता. उभ्या पोलिसाचा परिणाम त्याच्या नजरेपुरताच होता. आमच्या ठरावाला यातून अर्धा पाठिंबा मिळतो. बोळ साफ होईल, पण पलीकडच्या रिक्षा स्टँडला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मग पोलीस उभाच राहायला हवा का? अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये १९८८-८९ साली लॉरेन्स शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञांनी गुन्ह्यांच्या ११० जागा निवडल्या. त्यातल्या निम्म्या जागी चिठ्ठ्या टाकून गस्त दुप्पट-तिप्पट केली, निम्म्या तशाच ठेवल्या. औषधाची चाचणी करतात तशीच ही चाचणी. वाढीव गस्तीच्या जागांवरून येणारे गुन्ह्यांचे फोन ६ ते १३ टक्क्यांनी कमी निघाले. पण मला त्यातला खरा मासला नंतर सापडला. निरीक्षक मंडळी वही घेऊन तिथे बसलेली असत. पोलीस कधी आला, कधी गेला आणि तो गेल्यावर किती वेळाने पुन्हा गडबड सुरू झाली, हे सगळं त्यांनी टिपलं होतं. क्रिस्टोफर कोपर यांनी या नोंदी चाळल्या. पोलीस नुसता गाडीतून पुढे गेला तर काही फरक नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबला तर तो गेल्यावरही जागा बराच वेळ शांत राहते. पंधराच्या पुढे थांबला तर जास्तीचं काही हाती लागत नाही. पुडी विकणाऱ्याला भीती वाटते ती पोलीस आत्ता दिसतोय याची नव्हे, पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही याची.

इथपर्यंत चोरीची गोष्ट चालली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात एक वेगळीच गोम आहे. मोबाइल चोरीला गेला की माणूस ठाण्यात जातो. पुडी घेणारा जात नाही, पुडीत तुरटी निघाली तरी नाही. इथे फिर्यादीच नसतो. पोलिसांनी शोधल्याशिवाय गुन्हा कागदावर येत नाही, म्हणून कागदावरचा आकडा मुळात पोलिसांनी केलेलं काम मोजतो. तळ्यात मासे किती हे जाळ्यात किती आले त्यावरून सांगायचं, आणि दरवर्षी जाळं बदलायचं! एखाद्या परिमंडळात एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे, गुन्हे दुप्पट झाले तर माल वाढला असेल, नाहीतर नवीन साहेब कामाचे आले असतील. निम्म्यावर आले तर बोळ सुधारला असेल, किंवा पथक महिनाभर बंदोबस्तात अडकलं असेल. ‘पोलीस वाढवले तरी गुन्हे वाढलेच’ ही ओरड आणि ‘विक्रमी कारवाया’ ही जाहिरात, दोन्ही मला सारख्याच पोकळ वाटतात.

मोजायचं तर दुसरं काहीतरी मोजावं लागतं: रस्त्यावरचा भाव, मालाची शुद्धता, व्यसनमुक्ती केंद्रात येणारी माणसं, आसपासच्या घरफोड्या. युरोपातली बरीच शहरं २०११ पासून सांडपाणी तपासतात. कोकेन घेतलेल्या माणसाच्या लघवीतून बेंझॉयलेक्गोनिन नावाचा पदार्थ बाहेर पडतो, तो मैलापाण्याच्या केंद्रावर सापडतो, आणि शहराने आठवडाभरात साधारण किती रिचवलं याचा हिशेब निघतो. गटाराचा आकडा तपास अधिकारी बदलल्याने बदलत नाही.

अशा आडवळणाच्या मोजणीचं एक जुनं उदाहरण बोस्टनजवळच्या लिन या गावातलं आहे. तिथल्या हाय रॉक भागात हेरॉइन उघड्यावर मिळायचं, बाहेरगावचे लोकही यायचे. १९८३ मध्ये राज्य पोलिसांच्या अर्धा डझन माणसांचं पथक तिथे बसवलं. मोठा व्यापारी पकडण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी रस्त्यावरची खरेदी-विक्रीच जिकिरीची करून सोडली. या मोहिमेचा अभ्यास मार्क क्लीमन यांनी केला. त्यामागचा विचार गमतीचा आहे. पुडीची किंमत म्हणजे नुसते पैसे नव्हेत, ती शोधण्यात जाणारा वेळही किंमतच. पाच मिनिटांत मिळणारी गोष्ट दोन तास हिंडून मिळायला लागली तर भाव तोच राहूनही ती महाग होते. आणि दुकानदाराच्या खिशात त्यातला छदामही जात नाही. लिनमध्ये पुढच्या वर्षभरात घरफोड्या एक तृतीयांशाहून जास्त घटल्या, उपचार मागणाऱ्यांची संख्याही वाढली. सहा माणसांत हे साधलं!

हुरूप येऊन शेजारच्या लॉरेन्स गावात तशीच मोहीम काढली. अटका भरपूर झाल्या, पण मालमत्तेचे गुन्हे काही कमी झाले नाहीत. इतक्या माणसांत इतका फरक, असं कोष्टक मागणाऱ्यांनी लॉरेन्स विसरू नये.

धाडींचं आयुष्य तर आणखी तोकडं. कॅन्सस सिटीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला क्रॅक कोकेनच्या अड्ड्यांवर चिठ्ठ्या टाकून धाडी घातल्या. धाडीनंतर आसपासचे गुन्हे थोडे कमी झाले आणि दोनेक आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न.

‘इथून हाकललं तर पुढच्या चौकात बसतील’ हा आक्षेप आमच्या सभेतही आला. जर्सी सिटीत ड्रग्जच्या ५६ जागांवर झालेल्या प्रयोगात तसं फारसं घडलं नाही. तिथे आधी दुकानदार-रहिवाशांशी बोलणं, मग धडक कारवाई, मग टिकवणारी गस्त असा क्रम होता. उपद्रव कमी झाला, मात्र हाणामाऱ्या आणि चोऱ्यांवर परिणाम दिसला नाही. उलट कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये २००३ साली नुसता बडगा उगारला, तेव्हा सुई टोचून घेणारे शेजारच्या वस्त्यांत पांगले. नशा होती तेवढीच राहिली.

आपल्या मातीतला पुरावा राजस्थानचा आहे, पण तो दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविषयीचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर नाकाबंदीचे दोन प्रकार ताडून पाहिले. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी दर वेळी एकाच मोक्याच्या जागी, काही ठिकाणी तीन जागांमध्ये फिरती. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. मोक्याच्या जागेचा काही उपयोग झाला नाही, कारण चालकांनी दुसरा रस्ता धरला. दुसरा निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो: पोलीस लाइनमधून आणलेल्या खास पथकांनी नाकाबंदी ठाण्याच्या माणसांपेक्षा नियमित लावली. ठाण्यातला शिपाई आळशी असतो असं नाही. तो निघायला आणि भांडणाचा फोन यायला एकच गाठ पडते.

आणि जप्ती म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. समजा पाच ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सापडलं. मेफेड्रोनची दोन ग्रॅमपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात, पन्नासच्या पुढे ‘व्यावसायिक’. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे आधी संशयिताला सांगायचं. पंच हवेत, आणि रात्री साडेअकराला पंच व्हायला तयार होणारा माणूस ही स्वतंत्रच शोधमोहीम आहे. वजनकाटा, खाकी पाकीट, लाख, सील, लेबलावर सह्या. ४८ तासांत वरिष्ठांना अहवाल. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, मुद्देमाल नोंदवायचा. यातल्या एका सहीची वेळ चुकली की काही वर्षांनी बचावाचा वकील नेमकं तिथे बोट ठेवतो.

अशा एका जप्तीत सहा जणांचे दहा-दहा तास गेले म्हणू. साठ तास. त्याच साठ तासांत दोन जणांच्या जोडीने त्या बोळात पंधरा मिनिटांच्या १२० फेऱ्या होतात. पुरवठादारापर्यंत पोचायला सापळा आणि जप्ती लागणारच, फेऱ्यांनी कारखाना सापडत नाही. पण बोळातला बाजार उठवायला आम्ही मागत होतो तो पुतळा नको होता.

निवेदन परत लिहिलं. कायमचा पोलीस खोडला. संध्याकाळी सात ते अकरामध्ये, वेळ बदलत, पंधरा मिनिटांसाठी बीट मार्शलची, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांची, जोडी, एवढंच मागितलं. खांबावरच्या दिव्यासाठी महापालिकेला वेगळा अर्ज केला. फरक पडला की नाही हे गुन्ह्यांच्या आकड्यावरून कळणार नाही, म्हणून मावशींना विचारलं, पिशव्या मोजून ठेवाल का?

‘मोजायच्या कशाला, मला ठाऊक आहे ना,’ त्या म्हणाल्या. ‘पगार झाल्यावर दहा तारखेपर्यंत सुपली भरते. वीसनंतर दोन-चार. शनिवारी मात्र कधीही बघा.’

फेऱ्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत आणि शनिवारी जास्त असाव्यात, हे कलम मग निवेदनात वाढवलं.