पूररेषेचा अहवाल कसा पारखावा?

पुण्यात मुठेच्या काठी घर घेणारा माणूस आधी विचारतो, इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर? ही रेषा काढली कशी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. नकाशावर ती पेनाच्या टोकाइतकी बारीक दिसते. तिच्यामागचे गणित तेवढे नेमके नसते. ते किती भरवशाचे आहे, हे अभियंता नसलेल्यालाही बऱ्याच अंशी तपासता येते.

निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची 25 वर्षे निवांत, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता 4 टक्के असते. गृहकर्जाच्या 30 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता होते सुमारे 71 टक्के, आणि लाल रेषेच्या पुराची 26 टक्के. नगरसेवकाला, बिल्डरला, घर घेणाऱ्याला हवा असतो तो हा आकडा. अहवालात तो नसेल, तर अहवाल निर्णयासाठी लिहिलेलाच नाही.

मग बघायचे की पाणी कुठून कुठून मोजले आहे. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून मुठेत सुमारे 35 हजार क्युसेक विसर्ग सोडला गेला, म्हणजे दर सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. पण धरणाच्या दाराखालीही पाऊस पडतोच. धरण आणि शहर यांच्यामधल्या मुक्त, म्हणजे धरणाने न अडवलेल्या पाणलोटातून ओढेनाले थेट मुठेत उतरतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार माजवला, तो कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाचा होता. शिवाय संगमावर मुळा नदी भरून वाहत असेल, तर मुठेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. धरणाचा विसर्ग, मधला पाणलोट आणि मुळेचा फुगवटा या तिन्हींची बेरीज कोणत्या पानावर आहे, ते शोधावे. नुसता धरणाचा विसर्ग धरला असेल, तर रेषा पाण्याची पातळी कमीच दाखवणार.

नोंदी किती वर्षांच्या आहेत, हेही महत्त्वाचे. 40 वर्षांच्या नोंदींवरून 100 वर्षांचा पूर काढणे म्हणजे आलेख डोळ्यांसमोरच्या बिंदूंच्या पलीकडे ताणणे. गणिताचे सूत्र बदलले की उत्तरही बदलते. म्हणून चांगला अहवाल एकच आकडा न देता निदान दोन पद्धतींची उत्तरे आणि वरची-खालची मर्यादा देतो. इथे पुण्याची एक खास अडचण आहे. 12 जुलै 1961 चा पूर पानशेत धरण फुटल्यामुळे आला. तो पावसाच्या पुरांच्या यादीत घातला तर सरासरी बिघडते, गुपचूप वगळला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. तो का वगळला हे लिहून धरणफुटीचा अभ्यास वेगळा मांडणे, हाच प्रामाणिक मार्ग.

सगळ्यात जास्त गडबड होते ती नदीपात्राच्या खडबडीतपणाच्या आकड्यात, मॅनिंगच्या ‘एन’मध्ये. स्वच्छ, सरळ पात्रासाठी तो 0.03 च्या आसपास धरतात. जलपर्णी, झुडपे, राडारोडा असला की 0.045 किंवा त्याहून अधिक. एवढ्याशा फरकाने काय होते? रुंद पात्रात तेवढ्याच विसर्गाला पाण्याची खोली सुमारे 27 टक्क्यांनी वाढते. 4 मीटरचे 5.1 मीटर होतात. काठाचा उतार 50 मीटरला 1 मीटर असेल, तर पाण्याची कड 55 मीटर आत सरकते. एका गृहीतकात अख्खी सोसायटी रेषेबाहेरून आत येते! त्यामुळे ‘एन’ वरखाली करून पाहिल्याचा तक्ता नसलेला अहवाल अपुरा समजावा.

आडव्या छेदांच्या, म्हणजे पात्राची रुंदी-खोली काठापासून काठापर्यंत दाखवणाऱ्या मापांच्या तारखाही पाहाव्यात. छेद भराव पडण्याआधीचे असतील, तर गणित आता नसलेल्या नदीचे आहे. पुलांचे खांब धरलेत का? आणि खरी परीक्षा ही: एका पुरावर मॉडेल, म्हणजे पुराच्या गणिताची मांडणी, जुळवून घेतल्यावर दुसऱ्या, न वापरलेल्या पुराच्या भिंतींवरच्या खुणांशी ते ताडून पाहिले का? ज्या पुरावर जुळवले त्याच्याशीच जुळल्याचा आलेख म्हणजे पडताळणी नव्हे.

आकड्याचा माग लागत नसेल, तर मोठे नावही कामी येत नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असे छापून आले. मूळ आधार पक्का नव्हता, आणि 2010 मध्ये चूक मान्य करावी लागली. मूळ स्रोतापर्यंत जाऊन कुणी पाहिले असते, तर ते वाक्य छापलेच गेले नसते. म्हणून पूररेषेच्या अहवालातही तो तपासणाऱ्या परीक्षकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे जोडलेली हवीत, आणि परीक्षक प्रकल्पाच्या पैशाशी न बांधलेला हवा. 1916 मध्ये सुरू झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र पुण्यातच, खडकवासल्याजवळ आहे. जाणती नजर मिळवायला शहराला लांब जावे लागत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना नुसता नकाशा मागू नये. विसर्गाचा हिशेब, छेदांच्या तारखा, ‘एन’चा तक्ता, पुराच्या खुणांशी केलेली तुलना आणि परीक्षकांचा पत्रव्यवहार, हे पाच कागद नावानिशी मागावेत.