रक्तातलं लोह आणि बिघडलेली लय

चुंबकाचं कडं मनगटात घातलं की रक्तातलं लोह खेचलं जातं आणि रक्ताभिसरण सुधारतं, असं सांगून ती कडी अजूनही विकली जातात. हे साफ खोटं आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनला तर चुंबक अगदी किंचित दूर लोटतो. ऑक्सिजन सोडून दिलेल्याला किंचित ओढतो. रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी 1936 मध्ये हे दाखवून दिलं. कड्याला या फरकाचा काही उपयोग नाही, चुंबकाच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रं काढणाऱ्या एमआरआयला मात्र फार मोठा आहे.

एमआरआयला मिळणारा संदेश मुख्यतः शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या प्रोटॉनांचा, म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात त्यांची चुंबकीय दिशा सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख फेरे घेते. रेडिओलहरींच्या झटक्यानंतर सगळे एका लयीत फिरतात, म्हणून संदेश जोरकस येतो. पण क्षेत्र सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं. दोन ठिकाणी फक्त दहा लाखांत एका भागाचा फरक असला, तरी सेकंदाला 64 फेऱ्यांचं अंतर पडतं! म्हणजे जेमतेम 8 मिलिसेकंदांत ते प्रोटॉन एकमेकांच्या उलट दिशेला येतात आणि त्यांचे संदेश एकमेकांना खोडतात. ढोलपथकात प्रत्येकाची लय जराशी वेगळी झाली की ठेका विरतो, तसंच. सायनसमधली हवा, दातांतली धातूची तार यांच्याशेजारी चित्रात काळे डाग पडतात ते यामुळेच.

भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हान यांनी 1950 मध्ये यावर विलक्षण सुंदर उपाय सांगितला. मध्येच दुसरा झटका द्यायचा. आज वापरतात त्या रूपात तो दिशा 180 अंशांनी उलटवतो. जो जितका पुढे गेला होता, तो आता तितकाच मागे. वेगवान प्रोटॉन तो वेगवानच राहतो, त्यामुळे तेवढ्याच वेळाने सगळे पुन्हा एकत्र येतात आणि विरलेला संदेश प्रतिध्वनीसारखा परत उमटतो. मात्र दरम्यान पाण्याचा रेणू हलून वेगळ्या क्षेत्रात गेला, तर त्याचा हिशेब जुळत नाही. तेवढा संदेश कायमचा जातो.

पण हा प्रतिध्वनी मुद्दाम टाळूनही चित्र काढतात. मग क्षेत्र बिघडवणारी प्रत्येक गोष्ट ठळक दिसते. मेंदूतल्या जुन्या, सूक्ष्म रक्तस्रावात साठलेलं लोह असंच सापडतं. संशोधक सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये उंदरांच्या मेंदूत ऑक्सिजन सोडलेल्या रक्तामुळे शिरा काळ्या दिसतात हे दाखवलं, आणि त्यातूनच फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारं एमआरआय, उभं राहिलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण कमी होऊन क्षेत्रातली विषमता घटते, संदेश थोडासा वाढतो. यंत्र विचार वाचतं अशा बातम्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. ते मोजतं तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, तोही काही सेकंद उशिरा.