रॅमची जोडी एकाच कंपनीची हवी?

'जुन्या रॅमशेजारी दुसऱ्या कंपनीची लावलीत तर मदरबोर्ड जळेल,' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. जळत बिळत काही नाही. मदरबोर्डला स्टिकरवरच्या नावाशी देणंघेणं नसतं. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक बारीकशी चिप असते, तिच्यात वेग, क्षमता, टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदलेलं असतं. संगणक सुरू होताना बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, ते वाचतो आणि सगळ्या पट्ट्यांना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे ३२०० वेगाच्या पट्टीशेजारी २६६६ ची लावली, तर दोन्ही २६६६ नेच धावणार. नुकसान एवढंच.

पिढी मात्र जुळायलाच हवी. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या; डेस्कटॉपच्या पट्ट्यांत दोन्हींना २८८ पिना. पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे पट्टी बसतच नाही. जोर लावू नका!

८ जीबीला ४ ची जोड चालते, फक्त ड्युअल चॅनेलचा (दोन पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण करण्याचा) फायदा सगळ्या मेमरीला मिळत नाही. क्वचित दोन पट्ट्यांचं पटत नाही, संगणक अडकतो किंवा सुरूच होत नाही. तेव्हा नवी काढून ठेवायची. एकत्र विकलेली जोडी तपासलेली असते, म्हणून सगळंच नवं घेताना मी तीच घेतो.