अर्जातली संक्षिप्त रूपं: एका कान्यामुळे परत येणारे अर्ज

शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा पीएच.डी. नोंदणीचा अर्ज परत आला की आपल्याकडची मुलं आधी उत्पन्नाचा दाखला तपासतात. दाखला ठीक असतो. घोळ असतो तो घाईत लिहिलेल्या दोन-तीन अक्षरांत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी जोडी म्हणजे 'अ.जा.' आणि 'अ.ज.'. पहिली अनुसूचित जाती, दुसरी अनुसूचित जमाती. एक काना सुटला की प्रवर्गच बदलतो. 'एसटी सवलत' एवढंच लिहिलं तर फी माफी हवी आहे की बसचा पास, हे टेबलावरच्या माणसाला कसं कळणार? प्रवर्ग दरवेळी पूर्ण लिहा.

जात पडताळणीत अडचण वेगळी. जमातीच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० या तारखेला, म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीचा आदेश निघाला त्या दिवसाला, महत्त्व आहे, म्हणून त्याआधीची नोंद दाखवायला नंदुरबार, शिरपूर, चोपड्याकडची कुटुंबं आजोबांच्या शाळेचा उतारा शोधून आणतात. त्यात जात 'हिं. भिल्ल' (हिंदू भिल्ल) किंवा 'टो. कोळी' (टोकरे कोळी) अशी तुटक लिहिलेली असते. कृपा करून त्या कागदावर पेनाने पूर्ण रूप लिहू नका! ती खाडाखोड ठरते आणि चांगला पुरावा संशयात सापडतो. नोंद जशी आहे तशीच उतरवा, खुलासा वेगळ्या कागदावर द्या. जुन्या गुरुजींनी जागा वाचवायला तोडलेल्या अक्षरांसाठी आजच्या पोराला महिनोन्‌महिने खेटे घालायला लावणं मला पटत नाही, पण आज तरी इलाज हाच.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रकावर पूर्ण नाव आणि पासबुकावर नुसतं 'आर. डी. पाटील' असेल, तर जळगाव जिल्ह्यात असे किती निघतील? बँकेतली दुरुस्ती आधी करा, अर्ज नंतर भरा. शेवटच्या आठवड्यात ती होत नाही.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं नाव 'उमवि' असं लिहू नका. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव २०१८ साली मिळालं. त्याआधीची पदवी असेल तर पदवीवर छापलेलं नावच लिहा.

संशोधन आराखड्यात पहिल्या उल्लेखाला पूर्ण संज्ञा, तिच्या शेजारी कंसात संक्षिप्त रूप, पुढे फक्त संक्षिप्त रूप. सारांश सुटा वाचला जातो, म्हणून तिथे पुन्हा उलगडा करा. शीर्षकात संक्षेप टाळा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यालाही 'जीआय' म्हणतात आणि आहारशास्त्रातल्या ग्लायसेमिक इंडेक्सलाही. केळीवरच्या प्रबंधात दोन्ही येऊ शकतात. एखादी संज्ञा एकदा-दोनदाच येणार असेल तर ती तोडूच नका.

पत्त्यात मु.पो., ता., जि. खुशाल लिहा, ते सगळ्यांना कळतं. रकाना पुरत नसेल तर गल्लीचं नाव आखडा, पण गावापुढचं 'बु.' किंवा 'खु.' गाळू नका. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं असतात, आणि रहिवास दाखल्यावरचं गाव अर्जातल्या गावाशी जुळावं लागतं.