फाइलींचे सामूहिक पुनर्नामकरण (बॅच स्क्रिप्टद्वारे)

एका ठरावीक नियमाने अनेक फाइलींची नावे, आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या (बॅच फाइलीच्या) साहाय्याने, एकाच फेरीत बदलण्याची संगणकीय पद्धत. छायाचित्रे, स्कॅन केलेली पाने, नोंदींच्या फाइली अशा मोठ्या संचांसाठी ती वापरतात.

उगम : डॉस या जुन्या प्रचालन प्रणालीतील 'रेन' ही नाव बदलण्याची आज्ञा तिच्याआधीच्या सीपी/एम प्रणालीवरून आली, असे सामान्यतः मानले जाते. नावापुरते ते ग्राह्य आहे. मात्र सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत ही आज्ञा वाइल्डकार्ड (अनेक नावांना लागू पडणारी * व ? ही चिन्हे) स्वीकारत नसे आणि तिच्यात नवे नाव आधी, जुने नंतर लिहावे लागे. १९८१ च्या पीसी डॉसमध्ये हा क्रम उलटला आणि वाइल्डकार्डही चालू लागले. त्यामुळे सामूहिक पुनर्नामकरणाचा उगम सीपी/एमच्या आज्ञेपेक्षा डॉसच्या अंतर्गत रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. डॉसच्या फाइल-नियंत्रण-खंडावर (फाइलीचे नाव व तपशील ठेवणाऱ्या स्मृतीतील नोंदीवर) आधारलेल्या पुनर्नामकरण-क्रियेत नव्या नावातील प्रश्नचिन्हाच्या जागी जुन्या नावातील त्याच स्थानावरचे अक्षर कायम राहते. म्हणजे नियम स्थानाधिष्ठित आहे, आणि हे वैशिष्ट्य विंडोजच्या 'रेन'मध्येही टिकून आहे. '१२३४.टीएक्सटी' या फाइलीसाठी नवे नाव 'एक्स*.*' असे दिल्यास 'एक्स१२३४' न मिळता 'एक्स२३४.टीएक्सटी' मिळते, कारण उपसर्ग जोडला जात नाही, तर पहिले अक्षर झाकले जाते. उपसर्ग खरोखर जोडायचा असेल तर लूप (प्रत्येक फाइलीसाठी तीच कृती पुन्हा करणारी रचना) लागतो; तो चालवणारी 'फॉर' ही आज्ञा डॉसमध्ये २.० आवृत्तीपासून (१९८३) आहे.

युनिक्स या दुसऱ्या प्रचालन प्रणालीची परंपरा वेगळी आहे. तेथे वाइल्डकार्डचा विस्तार शेल (आज्ञा वाचून चालवणारा कार्यक्रम) करते आणि नाव बदलणाऱ्या 'एमव्ही' आज्ञेला केवळ तयार नावांची यादी मिळते. म्हणून डॉसमध्ये चालणारे 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' हे रूप तेथे 'एमव्ही'ने साधत नाही. ही उणीव शेलमधील लूप, पर्लमध्ये लिहिलेली 'रीनेम' स्क्रिप्ट आणि 'एमएमव्ही' यांसारख्या साधनांनी भरून काढली.

कार्यपद्धती व दोष : विंडोजच्या बॅच फाइलीत लूपचे चल (ज्यात दर फेरीला पुढचे फाइलनाव येते ते) दुहेरी टक्केचिन्हाने लिहितात, तर तीच ओळ थेट प्रॉम्प्टवर (आज्ञा टंकण्याच्या ओळीवर) देताना एकच चिन्ह पुरते. लूप फोल्डर वाचत असतानाच नावे बदलत गेल्यास नवे नाव त्याच नमुन्यात बसून पुन्हा हाती येऊ शकते आणि उपसर्ग दोनदा लागतो. यावर 'डिर /बी'ची (केवळ नावांची) यादी आधी पूर्ण घेऊन तिच्या एकेका ओळीवर 'फॉर /एफ' हा लूप चालवणे हा विश्वसनीय उपाय होय. विलंबित विस्तार (उद्गारचिन्हांत लिहिलेल्या चलाची किंमत आज्ञा चालतेवेळी भरण्याची सोय) चालू असताना उद्गारचिन्ह असलेली नावे बिघडतात. जेथे आठ-तीन स्वरूपाची (नावाला आठ व टिंबानंतर तीन अक्षरे) लघुनामे तयार होतात, तेथे '*.एचटीएम' हा नमुना '.एचटीएमएल' फाइलींनाही लागू पडतो. ही बाब पुष्कळदा ध्यानात येत नाही.

नावांची टक्कर (दिलेले नवे नाव आधीच दुसऱ्या फाइलीचे असणे) हा सर्वांत गंभीर धोका आहे. 'रेन' अशा वेळी नकार देते, परंतु 'एमव्ही' सामान्यतः काही न विचारता जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवते. १ ते ९ या क्रमांकांच्या फाइली एकेक अंकाने पुढे सरकवायच्या असतील तर ९ पासून उलट्या क्रमाने आरंभ करावा लागतो. दोन नावांची अदलाबदल असल्यास सामान्यतः मधले तात्पुरते नाव लागते. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या आज्ञा-साधनातील 'रीनेम-आयटम' आज्ञेला 'व्हॉटइफ' हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्ष बदल न करता काय घडेल ते आधी दाखवले जाते. साध्या बॅच फाइलीत हेच काम 'रेन'च्या आधी 'एको' (पुढचा मजकूर केवळ पडद्यावर दाखवणारी आज्ञा) लिहून होते.