कॉनवेचा नियम आणि उलटा कॉनवे डाव

टीमची रचना आणि सॉफ्टवेअरचे आर्किटेक्चर (त्याचे भाग आणि त्यांची जोडणी) यांचा संबंध सांगताना या दोन संज्ञांची सर्रास गल्लत होते. वास्तविक पहिली संज्ञा काय घडते ते नोंदवते, तर दुसरी काय घडवून आणायचे ते ठरवते.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली ‘डेटामेशन’ मासिकातील लेखात असे मांडले की, कोणतीही संस्था जी प्रणाली रचते, तिच्या रचनेत त्या संस्थेतील संवादाच्या वाटाच उमटतात. त्यांनी दिलेले एक उदाहरण मासलेवाईक आहे. कामाचा अंदाज बांधून पाच जणांना कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेचा आणि तिघांना अल्गोल या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, लिहायला दिला. तयार झालेला कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालत होता आणि अल्गोलचा तीन. हा नियम कोणी लागू करावा लागत नाही; तो माहीत नसलेल्या कंपनीतही तो चालूच असतो.

उलट्या डावात हवे ते आर्किटेक्चर आधी ठरवून त्याला साजेशा टीम बांधल्या जातात. समजा, स्क्रीन, सर्व्हर आणि डेटाबेस अशा तीन टीम आहेत. ऑर्डरमध्ये एक साधा रकाना वाढवायचा, तरी तिघींकडे तिकीट (कामाची नोंदवलेली मागणी) टाकावे लागते आणि सर्वांत मागे असलेल्या टीमसाठी रिलीज अडून राहते. त्याऐवजी ऑर्डर, पेमेंट आणि डिलिव्हरी अशा टीम केल्या आणि प्रत्येकीत स्क्रीनपासून डेटाबेसमधल्या टेबलपर्यंतचे काम जाणणारी माणसे ठेवली, तर तोच बदल एका टीममध्ये आटोपतो. शिवाय पेमेंटची टीम ऑर्डरच्या टेबलला परस्पर हात न लावता एपीआयमार्फत, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या ठरलेल्या संपर्कमार्गाने, माहिती मागू लागते.

गल्लतीचा फटका बसतो तो इथे. नियम संवादाविषयी बोलतो, टीम दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्याविषयी नव्हे. टीमची नावे बदलली, पण तिघी एकाच सामाईक टेबलवर लिहीत राहिल्या, तर प्रत्येक बदलासाठी सगळ्यांना पुन्हा एकाच बैठकीत बसावे लागते आणि जुनी रचना तग धरून राहते. म्हणून टीमच्या फेररचनेबरोबर कोड आणि डेटाची फोड करण्यासाठीही वेळ राखून ठेवावा लागतो, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. सीमा चुकीच्या आखल्या असतील, तर हा डाव ती चूकही तितकीच पक्की करतो. त्यामुळे नव्या उत्पादनाचे विषयक्षेत्र पुरते उमगेपर्यंत एकच लहान टीम ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.